अंगकोर: एक दिवस की तीन?

सॅकवाली: डिसेंबरात मी आणि नवरा पाठीवर सॅक टाकून कंबोडियाला निघतोय. तिथल्या अंगकोरच्या जुन्या मंदिरांचा एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. पळापळ नकोय. कोणता घेऊ?

पायवाट: तीन दिवसांचाच. सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कधीही चालतो. मधे एक दिवस आराम करा. अंगकोर वाट या मुख्य मंदिराच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, जवळजवळ ५० मीटर लांब! वासुकीला ओढणाऱ्या असुरांचे वटारलेले डोळे बघत मी आणि बायको तिथेच रेंगाळलो. गाईड घाई करेल, ऐकू नका.

रेवा_भटकंती: बान्ते स्राई सोडू नका हं! इ.स. ९६७चं शिवमंदिर, गुलाबी वालुकाश्माचं. वेरूळला कैलास हलवणारा रावण पाहिला असेल, तो इथेही आहे, आणि खाली जीव घेऊन पळणारे प्राणी. लांब आहे, टुकटुक आधी ठरवा.

सॅकवाली: ठरलं, तीन दिवस! शॉर्ट्स चालतील का?

पायवाट: नाही. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर नुसती ओढणी पांघरलेलीही चालत नाही. बाह्यांचा सुती कुर्ता घ्या.