निपाणीचा रास्ता रोको

पुणे-बंगळूर हायवे अडतो तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादापायीच, असं या चर्चेत वर म्हटलंय. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, कर्नाटकात जाणाऱ्या एसट्या बंद झाल्या, हे खरंच. पण हायवे सीमावादापायीच अडतो, हे म्हणणं पटत नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी कर्नाटकातल्या निपाणीजवळ याच रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. तेव्हा हा नॅशनल हायवे चार. मागणी तंबाखूच्या रास्त भावाची. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मारले गेले.

सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ सालीच निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली होती, हे आपण कोल्हापूरकर दर वेळी काढतो, आणि काढावंच. पण कागलच्या पुढं दूधगंगा नदीपलीकडं तंबाखूच्या भावासाठी जीव गेलेल्या त्या माणसांचा या चर्चेतल्या इतक्या प्रतिसादांत साधा उल्लेखही नाही, हे मनाला लागलं.