शब्दचर्चा : ‘डुप्लिकेट’ नोंद आणि तिचे तुलना-फंक्शन

प्रश्न : बर्कले डीबी या, की आणि डेटा यांच्या जोड्या साठवणाऱ्या डेटाबेस-लायब्ररीवर मराठीत मार्गदर्शिका लिहीत आहे. ‘डुप्लिकेट रेकॉर्ड’साठी ‘नक्कल नोंद’ आणि त्यांचा क्रम लावणाऱ्या, आपण स्वतः लिहिलेल्या फंक्शनसाठी ‘सानुकूल क्रम-फंक्शन’ असे शब्द योजले आहेत. ते योग्य वाटतात का?

उत्तर : ‘नक्कल’ येथे चालणार नाही. नक्कल म्हटली की मुळाबरहुकूम दुसरी वस्तू डोळ्यांपुढे येते. बर्कले डीबीत मात्र डुप्लिकेट म्हणजे एकाच कीखाली (की म्हणजे नोंद शोधण्याची खूण) ठेवलेल्या, पण आतला डेटा वेगळा असलेल्या नोंदी, उदाहरणार्थ एका ग्राहक-क्रमांकाखालच्या त्याच्या सगळ्या ऑर्डरी. गंमत अशी की डुप्लिकेट नोंदी क्रमाने ठेवण्याची सोय चालू असेल, तर की आणि डेटा दोन्ही तेच असलेली जोडी दुसऱ्यांदा साठवली जात नाही. म्हणजे जिला खरोखर नक्कल म्हणता येईल, तिलाच तेवढी मनाई आहे. मी ‘समान-की नोंदी’ असे लिहितो.

‘क्रम-फंक्शन’ हा शब्द अपुरा आहे, आणि माझ्या मते घातकही. हे फंक्शन दोन डेटा-मूल्ये घेऊन ऋण (पहिले आधी), शून्य (दोन्ही समान) किंवा धन (पहिले नंतर) संख्या परत करते, आणि त्यातले शून्य केवळ क्रमाविषयी बोलत नाही, तर ‘या दोन नोंदी एकच आहेत’ असा निवाडा देते. समजा, ऑर्डरीच्या नोंदीत तारीख आणि रक्कम आहे आणि आपण फक्त तारखा ताडून पाहिल्या. मग एकाच ग्राहकाची त्याच दिवशीची दुसरी ऑर्डर, रक्कम निराळी असूनही, आधीच असलेली नोंद ठरून नाकारली जाते. म्हणून ‘तुलना-फंक्शन’च ठेवावे. त्यातही बी-ट्रीमध्ये (कींच्या क्रमाने नोंदी ठेवणाऱ्या रचनेत) कींची तुलना करणारे फंक्शन वेगळे देता येते, त्यामुळे येथे ‘डेटा-तुलना’ असे स्पष्ट लिहिणे बरे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. फंक्शन दिलेच नाही तर जो क्रम लागतो, त्याला ‘अकारविल्हे’ म्हणता येईल का?

उत्तर : अकारविल्हे वर्णमालेला धरून असते, आणि येथे तर अक्षरांचा संबंधच नाही; बाइट डावीकडून एकेक करून ताडले जातात. ‘बाइटक्रम’ म्हणावे. हा क्रम संख्यांना कसा फसवतो ते शेजारी दाखवलेत, तर शब्द आपोआप कळेल. लिटल-एंडियन (संख्येचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर चार बाइटांच्या पूर्णांकात 1 हा ‘01 00 00 00’ असा आणि 256 हा ‘00 01 00 00’ असा साठवला जातो, त्यामुळे बाइटक्रमात 256 आधी येतो आणि 1 नंतर. स्वतःचे तुलना-फंक्शन लिहिण्याचे नेहमीचे कारण हेच असते. तेथे एका संख्येतून दुसरी वजा करून उत्तर परत करण्याचा मोह टाळावा, कारण मोठी धन आणि मोठी ऋण संख्या समोरासमोर आल्या की वजाबाकीचे उत्तर ठरलेल्या बाइटांत न मावता ओसंडते आणि चिन्ह उलटते.

दुसरे उत्तर : वरील विवेचनाशी सहमत आहे; फक्त ‘सानुकूल’ राहून गेले. त्या शब्दातून ‘हवे तेव्हा हवे तसे बदलावे’ अशी सवलत सूचित होते, आणि तशी सवलत येथे नाही. फंक्शन डेटाबेस उघडण्यापूर्वीच द्यावे लागते, ते फाइलमध्ये साठवले जात नाही, आणि पुढे प्रत्येक वेळी उघडताना तेच द्यावे लागते; निराळे दिले तर आधी लागलेला क्रम आणि नवी तुलना यांचा मेळ बसत नाही आणि डेटाबेस बिघडू शकतो. ‘स्वरचित’ म्हणावे. एलएमडीबी या तशाच दुसऱ्या डेटाबेस-लायब्ररीतही ‘डुप्लिकेट’चा अर्थ हाच आहे आणि तेथेही स्वरचित डेटा-तुलना देता येते, त्यामुळे ‘समान-की नोंदी’ आणि ‘डेटा-तुलना’ हे दोन्ही शब्द तेथे तसेच वापरता येतील. तेथे पूर्णांकांसाठी तयार पर्याय आहे, म्हणून बाइटक्रमाचे वरचे उदाहरण मात्र बर्कले डीबीच्या प्रकरणातच ठेवावे.