लेट्यूसचे बी उगवत नाही. उगवलेच तर पाने कडू होतात

परसबाग_पुणे:
नमस्कार. घरामागच्या १० फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफ्यात पालक आणि मेथी दर हिवाळ्यात उत्तम येतात. लेट्यूसने मात्र दोन वर्षे निराशा केली आहे. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी मेथीसारखेच बी फोकून वर बोटभर माती ओढली, तेव्हा जेमतेम पाच-सहा रोपे दिसली. गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस पेरले. उगवण चांगली झाली, परंतु मार्चमध्ये रोपांच्या मधोमध उंच दांडा आला आणि पाने तोंडात धरवेनात. बियाणे बदलावे की खत?

काळी_माती_नाशिक:
दोन्ही राहू द्या, पेरणीची वेळ बदला. या बियाला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि माती ३० अंशांच्या आसपास तापलेली असली तर भरपूर ओल मिळूनही ते सुप्तावस्थेत जाते. ऑक्टोबरच्या उन्हात तुमच्याकडे नेमके हेच घडले असावे. शिवाय लेट्यूसच्या अनेक वाणांना उगवताना उजेड लागतो, त्यामुळे बोटभर माती म्हणजे त्यांच्यावर पांघरूणच. बी ओलसर फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे, नोव्हेंबरच्या मध्यास सायंकाळी पेरावे आणि वर चाळलेले गांडूळखत केवळ भुरभुरावे. सगळे बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे पेरले, तर जानेवारीभर कोवळी पाने मिळत राहतात.

गच्चीवरचा_वाफा:
दांड्याविषयी थोडे. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन वाढले की हे झाड फुलोऱ्याकडे वळते, त्याच्या अंगातला पांढरा चीक वाढतो आणि त्यासोबत कडूपणाही; एकदा दांडा निघाल्यावर पाणी किंवा खत देऊन काही उपयोग होत नाही, रोप उपटावे हेच बरे. घट्ट गड्डा धरणाऱ्या आइसबर्गच्या नादी आपण लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गड्डा भरेपर्यंत आपली थंडी संपलेली असते. सुट्या पानांचे वाण घेऊन बाहेरची पाने खुडत राहिल्यास तेच रोप अनेक आठवडे पुरते.

चाकवतप्रेमी:
एक सावधगिरी सुचवतो: ही पाने कच्चीच खायची असल्याने ताजे शेण किंवा शेणाची स्लरी या वाफ्यात घालू नये, पूर्ण कुजलेलेच खत वापरावे. मावा ही बारीक कीड दिसल्यास पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी; निंबोळी तेलाचा वास सॅलडमध्ये उतरतो, हे मी स्वतः चाखून सांगतो आहे.

परसबाग_पुणे:
आभारी आहे. उरलेले जुने बी आज दहा-बारा दाणे ओल्या फडक्यात ठेवून तपासतो. निम्मेही उगवले नाहीत, तर मात्र नवीन पाकीट आणावेच लागेल.