रेक्टर कडक असून भागत नाही

कुणी कुणी म्हणतं, वसतिगृहाचा रेक्टर कडक असला की पोरं आपोआप घडतात. मला नाही पटत. सोलापूरजवळ केगावला विद्यापीठात येणारं पोरगं करमाळ्याचं, खोलीतला जोडीदार अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. सुरुवातीला बोलणं होतं ते कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या डब्यावरच! अशा वेळी हजेरीची सही घेताना ‘जेवलास का?’ एवढं विचारणारा रेक्टर हवा. मेसचा हिशेब मुलांकडे द्या. गॅस-तेलाचे भाव कळले की तक्रारसुद्धा नेमकी होते. आणि हो, शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, कित्येकांना पत्ताच नसतो.