शहर तर वाढणारच, मग कडेची शेतजमीन वाचवायला गावातल्या लोकांनी नेमकं काय करायचं?

कडेचं_शेत

नमस्कार. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लिहितेच. शहराची हद्द आमच्या शेतांपर्यंत आलीये, नवीन विकास आराखड्याचा मसुदा लागलाय आणि त्यात जवळजवळ सगळी बागायत पिवळ्या रंगात, म्हणजे निवासी दाखवलीये. आम्ही सात-आठ जण एकत्र आलोय, त्यात काही शेतकरी, काही नुसतेच रहिवासी. पहिल्याच बैठकीत भांडण झालं, कारण अर्ध्यांना जमीन वाचवायचीये आणि अर्ध्यांना भाव यायची वाट बघायचीये, आणि खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं.

एक आधीच सांगते, शहर वाढूच नये असं माझं म्हणणं नाहीये. लोकांना घरं लागतात, मी स्वतः कितीतरी वर्षं भाड्याने राहिलेय. पण वर्षाला दोन-तीन पिकं देणारी काळी जमीन आधी जाते आणि शहराच्या पोटातले रिकामे प्लॉट तसेच कुंपण घालून पडलेले असतात, हे बघवत नाही.

तर हरकत लिहायची म्हणजे त्यात काय लिहायचं? हे कुठे खरंच जमलंय का? आणि शेतकऱ्याला स्वतःलाच विकायचं असेल तर आम्ही मध्ये पडणारे कोण?

नकाशेवाला

ताई, मी बरीच वर्षं आराखड्यांच्या कामात होतो म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. "आमचा तीव्र विरोध आहे" असं लिहिलेल्या शंभर हरकती आल्या तरी त्यांची नोंद एकच होते, "नागरिकांचा विरोध", आणि पान उलटलं जातं. याउलट एखाद्याने नकाशा जोडून अमुक तुकडा का वगळावा हे लिहिलं की उत्तर द्यावं लागतं.

आधी हे समजून घ्या की चांगली जमीनच आधी का जाते. सपाट, निचरा होणारी, रस्त्याला लागून, पाणी जवळ, बांधायला जे सोपं तेच पिकवायलाही उत्तम असतं. शिवाय बहुतेक जुनी शहरं मुळात सुपीक जमिनीजवळच वसली, त्यामुळे ती फुगली की पहिला घास तोच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज होता की २०३० पर्यंत शहरांच्या वाढीमुळे जगातली १.८ ते २.४ टक्के पिकाखालची जमीन जाईल. ऐकायला थोडी वाटते, पण त्याच अभ्यासात ही जाणारी जमीन जगाच्या सरासरीच्या जवळपास १.७७ पट उत्पादक आहे असंही होतं, खरा मुद्दा तिथे आहे. आणि माती परत मिळत नाही, दोन-तीन सेंटीमीटरचा वरचा थर तयार व्हायला हजार वर्षंसुद्धा लागू शकतात.

म्हणून हरकतीत पहिलं काम मातीचा नकाशा. कुठली जमीन खोल आहे, कुठली मुरमाड, पाणी कुठे आहे, सलग पट्टा केवढा आहे, हे मसुद्याच्या नकाशावर टाका. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८१ मध्ये यासाठी गुण द्यायची एक पद्धतच काढली होती, मातीला वेगळे गुण आणि जागेला वेगळे (म्हणजे आजूबाजूला शेती उरलीये का, सांडपाण्याची लाइन किती लांब आहे वगैरे), दोन्हींची बेरीज करून ठरवायचं की हा तुकडा ठेवायचा की सोडायचा. तसला साधा तक्ता तुम्हीपण करू शकता.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न लेखी विचारा. पुढच्या किती वर्षांसाठी, किती लोकांसाठी, किती जमीन लागणार, आणि शहराच्या आत किती पडून आहे? हा हिशोब बऱ्याच मसुद्यांत कच्चा असतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराला आपल्याभोवती वाढीची रेष आखावी लागते. रेषेच्या आत पुढच्या साधारण २० वर्षांची गरज भागेल एवढी जमीन ठेवायची, बाहेर शेती आणि जंगल. पोर्टलंडची रेष १९७९ ची. ती पुढे वेळोवेळी सरकलीसुद्धा, पण प्रत्येक वेळी गरज दाखवून. आणि हा कायदा रेटणाऱ्यांमध्ये पुढे होता तो स्वतः दुधाचा धंदा करणारा शेतकरी-आमदार, हेक्टर मॅकफर्सन, त्याच्या भागात घरं शेतांत घुसायला लागली होती म्हणून.

तिसरी_पिढी

मी शेतकरी. माझी जमीन शहराला लागूनच आहे. सरळ बोलतो, राग मानू नका.

वाचवा वाचवा म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक आधीच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर झालेल्या कॉलनीत राहतात. तुमच्या गॅलरीतून हिरवं दिसावं म्हणून माझी जमीन मी जन्मभर शेतीच्या भावात धरून बसायची आणि रस्त्यापलीकडचा रातोरात दहापट भावात विकणार, कारण नकाशात त्याच्यावर पिवळा रंग पडला आणि माझ्यावर हिरवा? रंग मारणाऱ्याच्या पेनाने एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं होतं, यावर कुणी बोलत नाही. जमीन म्हणजे आमची पेन्शन, आजारपण, पोरांचं शिक्षण सगळं तेच आहे.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण तीही मीच भोगतोय. आमच्याकडे सगळ्यांनाच विकायचं नाहीये. विकायच्या आधीच शेती मरते ती अशी की पाच वर्षांनी इथे प्लॉटिंग होणार असं एकदा हवेत आलं की कोणी नवी बाग लावत नाही, विहिरीचा गाळ काढत नाही, ठिबकवर पैसा घालत नाही, घालून करणार काय. मग शेजारचा विकतो, त्याची कंपाउंडची भिंत पाण्याच्या वाटेवर येते आणि पावसाळ्यात माझं वावर तुंबतं. नवीन राहायला आलेले लोक शेणखताचा वास येतो म्हणून तक्रार करतात, फवारणीची तक्रार करतात, रात्री ट्रॅक्टर चालवला तरी तक्रार. हळूहळू खताचं दुकान लांब जातं, मजूर बांधकामावर जातात, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गाळा बंद करतो. शेवटी माझी जमीन उत्तम असूनही मी शेती करू शकत नाही, आणि मग कागदावर लिहिलं जातं की "शेतकरी स्वखुशीने विकतो".

तेव्हा ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे की मध्ये पडा, पण माझ्या वतीने बोलू नका, मला घेऊन बोला.

हिशोबी

तिसरी_पिढी यांनी बरोबर नस पकडली. नुसता हिरवा रंग मारून भागत नाही हे ओरेगननेच शिकवलंय. तिथे २००४ साली लोकांनी मतदान करून 'मेझर ३७' (मेझर म्हणजे थेट जनमताला टाकलेला प्रस्ताव) नावाचा कायदा आणला, नियमांमुळे जमिनीची किंमत कमी झाली तर भरपाई द्या नाहीतर नियम शिथिल करा. तीस वर्षं जपलेली सगळी चौकट डळमळली. २००७ मध्ये 'मेझर ४९' आणून लोकांनीच त्याला पुन्हा आवर घातला, थोडीफार घरं बांधायची सवलत ठेवली पण मोठ्या लेआउटांना नाही. मी त्यातून हे घेतो की शेतकऱ्याच्या नुकसानीला पहिल्या दिवशी उत्तर दिलं नाही तर ते कधीतरी उसळून वर येतंच.

उपाय आहेत. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १९८० मध्ये ९३ हजार एकरांचा शेती-पट्टा राखीव केला, काउंटीची जवळपास एक तृतीयांश जमीन. तिथे आधी ५ एकरांना एक घर बांधता यायचं ते २५ एकरांना एक केलं. मग मालकाचं जे गेलं त्याचं काय, तर दर ५ एकरांमागे एक हक्क हा जुनाच हिशोब धरून ते हक्क त्याला विकायची मुभा दिली. ते बिल्डर विकत घेतो आणि शहरात ठरवलेल्या जागी जास्त घरं बांधतो. शेतकऱ्याला पैसा मिळतो, जमीन त्याचीच राहते, फक्त त्यावर वसाहत होत नाही. टीडीआर, म्हणजे विकास हक्कांचं हस्तांतर, ते हेच. पण एक धोका लक्षात ठेवा, हक्क वापरायची जागा शहरात खरोखर ठेवली नाही, किंवा तिथे फुकटात जास्त मजले मिळत असतील, तर तो हक्क कोण कशाला विकत घेईल? कागद कपाटात राहतो. म्हणून मागणी करताना दोन्ही टोकांची करायची, इकडे राखायचं कुठे आणि तिकडे वाढवायचं कुठे.

दुसरं स्वित्झर्लंड. मार्च २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी जवळपास ६३ टक्के मतांनी नियोजनाचा सुधारलेला कायदा मंजूर केला. गरजेपेक्षा जास्त आखून ठेवलेले बांधकाम-झोन कमी करायचे, आणि ज्याच्या जमिनीचा झोन बदलून भाव वाढला त्याच्याकडून वाढीव किमतीतला किमान २० टक्के वाटा घ्यायचा. ज्यांचा झोन काढून घेतला त्यांच्या भरपाईला तो पैसा वापरता येतो. रस्त्यापलीकडच्याला मिळालं आणि मला नाही, या दुखण्यावर याहून सरळ औषध मला तरी दिसलेलं नाही.

सुनावणीला_जा

मी चळवळीच्या बाजूने बोलते. कॅनडातल्या ऑंटारियोची गोष्ट सगळ्यांनी वाचावी अशी आहे. टोरोंटोच्या भोवती २००५ पासून हरितपट्टा आहे, शेती आणि पाणथळ जमीन मिळून जवळपास २० लाख एकर. २०२२ च्या शेवटी सरकारने त्यातली ७,४०० एकर जमीन काढली, कारण दिलं की ५० हजार घरं बांधायचीत. घरांची टंचाई खरीच होती, त्यामुळे विरोध करणारे लगेच "घरांच्या विरोधातले" ठरू शकले असते. पण शेतकरी, पर्यावरणवाले आणि परवडणाऱ्या घरांसाठी काम करणारे एकाच बाजूला आले, आणि त्यांच्या हातात सरकारनेच नेमलेल्या समितीचा त्याच वर्षीचा अहवाल होता, ज्यात साफ म्हटलं होतं की जमिनीची कमतरता हे टंचाईचं कारण नाही, वस्तीच्या आत आणि हरितपट्ट्याबाहेरही जमीन आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला की या बदलाने ठराविक मालकांच्या जमिनीची किंमत ८.३ अब्ज डॉलरने वाढू शकते आणि जमिनी निवडायची पद्धतच पक्षपाती होती. मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे डग फोर्ड यांनी, माफी मागून सगळी जमीन परत पट्ट्यात घातली.

यातून आपल्यासारख्या छोट्या गटाला घेण्यासारखं मला हे वाटतं की घरं मागणाऱ्यांना विरोधक समजू नका, त्यांना आधी भेटा. तुमच्या हरकतीतच लिहा की घरं इथे बांधा, इथे बंद पडलेला कारखाना आहे, इथे सांडपाण्याची लाइन आधीच आहे, इथे दोन मजल्यांऐवजी चार होऊ द्या. असं लिहिलेलं पत्र समितीतल्या कुठल्याही माणसाला बाजूला ठेवणं जड जातं.

आणि नुसत्या बिल्डरच्या टॉवरकडे बघत बसू नका. अमेरिकेत २००१ ते २०१६ मध्ये जी १.१ कोटी एकर शेती आणि कुरणं गेली किंवा तुकड्यांत अडकली, त्यातली सुमारे ७० लाख एकर दाट वस्तीने नाही, विरळ घरांनी गिळली, एकेक बंगला आणि भोवती मोठं आवार असली घरं. हे नकाशावर पटकन दिसत नाही, कोणी मोर्चाही काढत नाही, आणि दहा वर्षांनी सलग शेतीचा पट्टाच उरलेला नसतो.

नकाशेवाला

पटलं, फक्त एक बाजू राहिली ती सांगतो, सुनावणीत ही नक्की निघेल. रेष फार घट्ट आवळली आणि आतमध्ये उंच बांधायला परवानगी दिली नाही तर घरं महाग होतात, मग लोक रेष ओलांडून पलीकडच्या गावात घर घेतात आणि रोज लांबून येतात, म्हणजे शेती वाचली असं वाटतं पण ती तिकडे जाते. लंडनच्या हरितपट्ट्याबद्दल हा वाद आजही चालू आहे. म्हणून शेजारच्या गावांना सोबत घ्या, एकट्या गावाने रेष आखून काही उपयोग नाही.

आणि वेळ. हरकती घ्यायची मुदत चालू आहे तोवर जे एका पानाने होतं ते नंतर कोर्टात वर्षानुवर्षं होत नाही. जेसीबी आल्यावर लोक रस्त्यावर येतात, पण निर्णय कधीच होऊन गेलेला असतो. आजच ऑफिसात जाऊन शेवटची तारीख लेखी घ्या, आणि जे जे द्याल त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

कडेचं_शेत

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. तिसरी_पिढी, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यात तेच होतं, आम्ही पहिली बैठक कॉलनीच्या हॉलमध्ये ठेवली होती, म्हणजे शेतकरी पाहुणे आणि आम्ही यजमान, चूक तिथेच झाली. काल दुसरी बैठक शेतावर झाली आणि पहिला तासभर आम्ही फक्त ऐकलं. ज्यांना विकायचंय त्यातल्या तिघांना खरं तर कर्ज फेडायचंय, जमीन नकोशी झालेली नाही.

हरकतीचा मसुदा आता असा धरलाय: सलग बागायतीचा पट्टा शेतीतच ठेवा, त्याच्या वरच्या मुरमाड उतारावर आणि जुन्या वखारींच्या जागी घरं वाढवा, पट्ट्यातल्या मालकांना हक्क विकायची सोय द्या आणि ते वापरायची जागा नकाशातच दाखवा, आणि बांधकामाने पाण्याची वाट अडवायची नाही अशी अट घाला. मुदत संपायला १९ दिवस आहेत. मातीचा नकाशा मिळालाय पण विहिरी आणि पाट त्यावर नाहीत, ते आम्हालाच चालत फिरून टिपावे लागणारेत.

तिसरी_पिढी

विहिरींचं माझ्यावर सोडा. कुठली बारमाही, कुठली उन्हाळ्यात आटते, कुठली बुजवली, आमच्या वडिलांना सगळं तोंडपाठ आहे. सकाळी लवकर या म्हणजे ऊन चढायच्या आत वरचा पट्टा उरकेल, आणि ज्या तिघांचं कर्ज आहे त्यांनाही आणा, हक्काच्या विक्रीचं त्यांना कुणीतरी समोर बसून आकड्यांत सांगायला हवं. हिशोबी, तुम्हाला फोनवर जमेल का?

हिशोबी

जमेल. तिघांच्या जमिनीचं क्षेत्र आणि कर्जाचे आकडे आदल्या रात्री पाठवून ठेवा, नावं नकोत.