एपी यूएस हिस्ट्री: सनावळ्या तोंडपाठ, पण डीबीक्यूला मार्कच मिळत नाहीत

लेकीची_आई:
नमस्कार. मुलगी अकरावीला आहे, मे महिन्यात एपी यूएस हिस्ट्रीचा (अमेरिकेतल्या शाळेत असताना देतात ती कॉलेजच्या पातळीची अमेरिकन इतिहासाची परीक्षा) पेपर, जेमतेम सहा आठवडे उरलेत. अभ्यास करत नाही असं अजिबात नाही हो, भिंतभर चिठ्ठ्या चिकटवल्यात, १६०७ जेम्सटाउन (इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत), १७६५ स्टॅम्प ॲक्ट (वसाहतींवरचा ब्रिटिश कर), १८०३ लुईझियाना (फ्रान्सकडून विकत घेतलेला प्रदेश), झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण डीबीक्यूला (दिलेल्या डॉक्युमेंट्सवरून लिहायचा निबंध) ७ पैकी २, नाहीतर ३, कायम. परवा पेपर हातात घेऊन रडली, म्हणाली आई मला सगळं येतंय तरी मार्क का नाहीत. मला काय सांगावं कळेना, आमचा इतिहास म्हणजे कारणे द्या आणि टिपा लिहा. त्यात वर्गात अजून १९४५ च्या आसपासच आहेत. कोणाच्या मुलांनी दिलीये का ही परीक्षा?

पुस्तकवेडा:
काकू, मी दोन वर्षांपूर्वी दिली आणि माझंही अगदी हेच व्हायचं. एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) ५५ असतात ५५ मिनिटांत, पण त्यांचं वजन ४०% च, बाकीचे ६०% लिहिण्यावर आहेत, शॉर्ट आन्सर २०, डीबीक्यू २५, मोठा निबंध १५. आणि एमसीक्यूलासुद्धा आधी उतारा नाहीतर नकाशा नाहीतर व्यंगचित्र देतात, नुसतं साल कोणी विचारत नाही. डीबीक्यूला ७ डॉक्युमेंट्स आणि एक तास, त्यातली १५ मिनिटं वाचायची. मी काय करायचो, डॉक्युमेंट १ मध्ये असं म्हटलंय, २ मध्ये तसं म्हटलंय, असं सातही ओळीने सांगत सुटायचो, पानं भरायची पण नुसतं काय लिहिलंय ते सांगितलं की एकच पॉइंट. निदान चार डॉक्युमेंट्स स्वतःच्या मुद्द्याला पुरावा म्हणून वापरले की दोन मिळतात. तिचा जुना पेपर काढून बघा, हेच सापडेल बहुतेक.

इतिहास_शिकवते:
ताई, मुलीला आधी सांगा की तिचं पाठांतर वाया गेलेलं नाही, बाहेरच्या पुराव्याचा एक पॉइंट असतो तो त्यातूनच मिळणार आहे. अडतंय ते थिसिसला, म्हणजे निबंधाच्या मुख्य दाव्याला, असं वाटतं. "रिकन्स्ट्रक्शनमुळे (यादवी युद्धानंतरची दक्षिणेची पुनर्बांधणी) बरेच बदल झाले" याला काही मिळत नाही. त्याऐवजी असं लिहायचं: १३, १४ आणि १५ व्या घटनादुरुस्तीने (१८६५, १८६८, १८७०) कृष्णवर्णीयांना स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि पुरुषांना मताचा हक्क कागदावर मिळाला, पण शेअरक्रॉपिंगमुळे (पिकाचा वाटा देऊन दुसऱ्याची जमीन कसणं) आणि १८७७ नंतर केंद्राने हात काढून घेतल्यामुळे दक्षिणेत तो हक्क टिकला नाही. बघा, यात बाजू घेतली आणि कारणंही आली, आता पुढचे परिच्छेद काय असणार ते आपोआप ठरलं.

दुसरं म्हणजे डॉक्युमेंट कोणाचं, कोणासमोर, कशासाठी. गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८५२ चं रॉचेस्टरमधलं चार जुलैवरचं (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) भाषण घ्या. ते गुलामगिरीविरोधी महिलांच्या संस्थेच्या कार्यक्रमात झालं, म्हणजे समोरचे लोक आधीच त्याच्या बाजूचे होते, तरी तो त्यांनाच सुनावतो की हा सण तुमचा, माझा नाही. तो आपल्याच माणसांना का टोचतोय, हे एका वाक्यात लिहून स्वतःच्या मुद्द्याला जोडायचं. असं दोन डॉक्युमेंट्सचं जमलं की अजून एक पॉइंट.

आणि चिठ्ठ्या फाडू नका हं! प्रत्येकीच्या मागे दोनच गोष्टी लिहायला सांगा, कशामुळे आणि मग काय.

गिरीश_बाबा:
आमच्या मुलाने गेल्या वर्षी दिली. एकूण नऊ कालखंड, १४९१ पासून आजपर्यंत. पहिला आणि शेवटचा प्रत्येकी ४ ते ६% च, तिथे फार अडकू नका. पण १९४५ ते १९८० ला १० ते १७% आहेत, शाळेची वाट न बघता घरीच सुरू करा, रोज अर्धा तास पुरतो. १९५४ चा ब्राउन खटला (शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा), १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट (नागरी हक्कांचा कायदा), १९६५ चा व्होटिंग राइट्स ॲक्ट (मतदान हक्काचा कायदा), हे सगळं वर ताईंनी सांगितलेल्या १४ व्या आणि १५ व्या दुरुस्तीला जोडूनच वाचायला सांगा, लक्षात राहतं. आणि पेपर आता लॅपटॉपवर असतो, निबंध टाइप करायचा सराव हवाच, जुने प्रश्न ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डच्या साइटवर फुकट आहेत.

लेकीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. काल टायमर लावून बसवली, जुना डीबीक्यू केला, तिच्या बाईंनी तपासून ५ दिले! स्टॅम्प ॲक्टच्या चिठ्ठीमागे तिने लिहिलंय, कशामुळे: फ्रेंचांशी १७५४ ते ६३ युद्ध झालं त्याचं ब्रिटनवर कर्ज, मग काय: पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही तर कर कसला म्हणून बहिष्कार. लुईझियानाला अडलीये, "मग काय" मध्ये १८२० चं मिसूरी कॉम्प्रोमाइज (नव्या प्रदेशात गुलामगिरी कुठे चालेल याचा समझोता) लिहिलं तर चालेल का विचारतेय.

इतिहास_शिकवते:
चालेल म्हणजे काय, तेच हवंय. नवीन जमीन आली की तिथे गुलामगिरी चालू द्यायची का हा वाद आलाच. त्याच चिठ्ठीवर खाली १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा पण लिहायला सांगा, मिसूरी कॉम्प्रोमाइजने आखलेली गुलामगिरीची सीमारेषा त्यानेच पुसली.