मदत हवी आहे: कोरोनावरच्या गाण्याचं ध्रुवपद अडलंय

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, यंदा गणपतीचा कार्यक्रम ऑनलाइन आहे आणि मी हौसेनं बोलून बसले की कोरोनावर गाणं मी लिहीन, आता रात्री झोप नाही 😅

चाल भारुडासारखी, ताल केरवा (आठ मात्रांचा). ध्रुवपद बरोबर २० सेकंदांचं हवंय म्हणजे पोरं तेच म्हणत हात धुतील. मिनिटाला ९६ मात्रा धरल्या तर २० सेकंदांत ३२ होतात, म्हणजे केरव्याची चार आवर्तनं, हिशोब जमला, शब्द नाही जमत.

पहिली ओळ केली होती "ज्याच्या घरी आजार, त्याच्या दारी नको जाऊ". शेजारच्या काकू पॉझिटिव्ह येऊन बऱ्या झाल्यात, त्या ऐकून नुसत्या गप्प बसल्या. मला इतकं कसंतरी झालं! अंतर ठेवा सांगायचं पण वाळीत टाका असं ऐकू यायला नको, हे कसं लिहायचं? "दारातून हाक मार, डबा ठेवून ये" असं काहीतरी डोक्यात आहे.

दुसरं, सासरेबुवा म्हणतात काढ्याचं कडवं टाकच. काढा प्या हो, पण त्यानं कोरोना जातो असं गाण्यात मी नाही म्हणणार. त्यांना न दुखावता काय करू?

२२ मार्च २०२०ला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी आमच्या इथल्या राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी जमली होती, त्यावर एक चिमटा काढू का, की लोक चिडतील? भारुड लिहिणाऱ्यांनी प्लीज सांगा, रविवारी रेकॉर्डिंग आहे.